६१७४ सुटतं, मग २७ का अडतं?

दापोलीची एसटी वेळेवर आली नाही की आंजर्ल्याच्या स्टॉपवर आमच्या शाळेतली पोरं एक खेळ खेळतात. समोरून जाणाऱ्या गाडीच्या पाटीवरचे चार आकडे घ्यायचे. ते उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची आणि जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करायचं. समजा १९८५ आलं. ९८५१ वजा १५८९, उरले ८२६२. ८६२२ वजा २२६८, उरले ६३५४. पुढे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. इथे आलात की संपलं, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. चारही आकडे सारखे नसले की बास. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही या संख्येवर येऊन थांबता.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणू, म्हणजे आपल्याच किनारपट्टीच्या उत्तर टोकाला. शिक्षण ठाण्यात आणि पुढे फर्ग्युसनमध्ये, आणि सगळी नोकरी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून. कॉलेजात असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं होतं. रँग्लर परांजपे मुर्डीचे. मुर्डी म्हणजे आंजर्ल्याला खेटून असलेलं गाव, आमची निम्मी मुलं तिथूनच येतात. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अव्वल आलेला पहिला भारतीय या पोफळीच्या वाड्यांमधून गेला. आणि त्याच्या नावाचं बक्षीस डहाणूच्या मुलाने घेतलं. वर्गात हे सांगताना मला दरवेळी फार बरं वाटतं. गणित कुठल्या तरी लांबच्या देशात घडतं असं आमच्या पोरांना वाटू नये, एवढीच माझी इच्छा असते.

६१७४ ची सिद्धता मी नववीला करून घेते, आणि ती एका तासात होते. चार आकडे उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे लावले, तर वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग) एवढं येतं. करून बघा, दोन ओळींचं काम आहे. म्हणजे तुमच्या संख्येतले चार आकडे काय होते याच्याशी उत्तराला काही घेणंदेणं नाही, फक्त दोन फरकांशी आहे. पहिला फरक १ ते ९ मधला, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतचा. अशा जोड्या होतात ५४. जवळपास दहा हजार संख्यांचा प्रश्न चोपन्न ओळींवर आला! पाच-पाच जणांचे गट पाडले, प्रत्येकाला थोड्या थोड्या जोड्या वाटून दिल्या, की घंटा व्हायच्या आत फळ्यावर सिद्धता उभी. मुलांना तेव्हा जो आनंद होतो तो पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणाने होत नाही.

असाच तास संपत आला असताना एका मुलीने हात वर केला. तिने मोबाइलवर कुठेतरी कोलात्झची अटकळ बघितली होती. कुठलीही संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. शेवटी सगळे १ वर येतात, असं म्हणतात. जर्मन गणिती लोथार कोलात्झ यांचं नाव या प्रश्नाला चिकटलंय आणि त्याची सुरुवात १९३७ च्या सुमाराची मानतात. आजपर्यंत सिद्धता नाही. तिचा प्रश्न सरळ होता: “बाई, हे पण ६१७४ सारखंच आहे ना? तिकडे सगळे ६१७४ वर येतात, इकडे १ वर. मग ते एका तासात झालं आणि हे अजून का होत नाही?”

मी आजवर ऐकलेल्या सगळ्यात चांगल्या प्रश्नांपैकी हा एक. त्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. ऑगस्टचा पाऊस, लाइट गेलेले, वर्गात दाराजवळच्या बाकापुरता उजेड. तिने २६ घेतले होते: २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. दहा पायऱ्या. मग २८ घेतले, अठरा पायऱ्या. मग मधले २७ घेतले. फुलस्केपच्या पानावर तीन रकाने आखले होते, पहिला रकाना भरला तेव्हा ती शेकड्यांत होती. २७, ८२, ४१, १२४, ६२, ३१, ९४, ४७, १४२, ७१... खाली यायचं सोडून संख्या वर वर चाललेली. दुसऱ्या रकान्यात हजार ओलांडले. एके ठिकाणी ३०७७ आलं, त्याची तिप्पट अधिक एक ९२३२, आणि तिथे तिने लाल पेनाने गोल केला होता, कारण त्यानंतर संख्या खाली यायला लागली. एकूण १११ पायऱ्यांनंतर १ आला. पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं: “२६ आणि २८ शेजारी असून २७ असा का?”

गाभ्याची अडचण तिच्या त्या कडेच्या ओळीत आलेली आहे. शेजारी असण्याला इथे काही किंमत नाही. २७ म्हणजे ३ गुणिले ३ गुणिले ३. त्याची तिप्पट केली तर अवयव आपल्याला ठाऊक आहेत, सगळे ३. पण एक मिळवला की ८२, म्हणजे २ गुणिले ४१. हा ४१ कुठून आला? ८१ च्या अवयवांकडे कितीही टक लावून बघा, त्यात ४१ चा मागमूस नाही. संख्यांच्या दोन रचना आहेत, एक बेरजेची आणि एक गुणाकाराची. बेरजेच्या रचनेत ८१ आणि ८२ सख्खे शेजारी. गुणाकाराच्या रचनेत त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. या दोन रचना एकाच विधानात एकत्र आल्या की गणिताची गाठ पक्की बसते. कोलात्झमध्ये दर पायरीला निम्मं करणं, तिप्पट करणं हा गुणाकार आणि एक मिळवणं ही बेरीज. तो बिचारा एक दर वेळी मागची सगळी माहिती पुसून टाकतो. ६१७४ मध्ये चोपन्न ओळींची पकड मिळाली तशी इथे काही मिळत नाही. शिवाय तिथे संख्या दहा हजारांच्या आत होत्या, इथे त्यांना अंत नाही.

“पण बाई, संगणकाने तपासलंय ना?” हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. तपासलंय. २ च्या ६८व्या घातापर्यंतची प्रत्येक संख्या तपासून झाली आहे. २९५ लिहून पुढे अठरा शून्यं द्या, साधारण तिथपर्यंत. एवढ्यावर व्यवहारातला कुठलाही माणूस समाधान मानेल, आणि त्याचं चुकणार नाही. गणिताला मात्र ते पुरत नाही, आणि हा हट्ट नाही, अनुभव आहे. जॉर्ज पोल्या यांनी १९१९ साली एक अटकळ मांडली होती. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजा. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३, तीन अवयव, विषम. १० चे दोन, सम. पोल्या म्हणाले, १ पासून कुठल्याही संख्येपर्यंत मोजलं तरी विषम गटातल्या संख्या निम्म्या किंवा निम्म्याहून जास्तच निघतील. दहापर्यंत बघा, शंभरपर्यंत, लाखापर्यंत, कोटीपर्यंत, खरं निघतं. १९५८ साली हॅझलग्रोव्ह यांनी दाखवलं की कुठेतरी हे मोडतंच. आणि १९८० साली ते मोडणारी सगळ्यात लहान संख्या सापडली: ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींपर्यंत एकाही ठिकाणी न चुकलेलं विधान खोटं होतं! ऑयलरसारख्या माणसाने १७६९ साली केलेला अंदाजही असाच १९६६ मध्ये एका ओळीने पडला. चार पाचवे घात मिळून पाचवा घात होत नाही असं त्याचं म्हणणं होतं, आणि लँडर व पार्किन या दोघांनी संगणकाला विचारून २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ चा पाचवा घात होते हे दाखवून दिलं.

कोलात्झ खरी आहे असं मानायला संगणकाच्या तपासणीहून चांगलं कारण आहे, आणि ते नववीच्या मुलाला कळेल असं आहे. विषम संख्येची तिप्पट अधिक एक ही नेहमी सम असते, म्हणून ती निदान एकदा तरी निम्मी होतेच. निम्मी झाल्यावर पुन्हा सम निघायची शक्यता अर्धी, त्यानंतर पुन्हा अर्धी. हिशोब केला तर एका विषम संख्येपासून पुढच्या विषम संख्येपर्यंत सरासरी दोनदा निम्मं होतं. म्हणजे तिप्पट करून चारने भागल्यासारखं, पाऊणपट. सरासरीने प्रत्येक टप्प्याला संख्या पाऊणपट होत असेल तर ती खाली येणारच. नियम बदलून पाचपट अधिक एक असा केला तर सव्वापट होते, आणि मग बहुतेक संख्या वर पळत सुटलेल्या दिसतात. (दिसतात एवढंच. त्या नियमाने ७ पासून निघालं तर संख्या कायमची वाढत जाते असं सगळे मानतात, पण एकाही संख्येबद्दल ते आजवर सिद्ध झालेलं नाही.) टेरेन्स ताओ यांनी २०१९ साली या सरासरीच्या वाटेने जितकं जाता येईल तितकं जवळपास गाठलं. ‘जवळजवळ सगळ्या’ संख्या कधी ना कधी जवळजवळ हव्या तितक्या खाली येतात, असं त्यांनी सिद्ध केलं. दोन्ही ‘जवळजवळ’ महत्त्वाचे आहेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. नियमातला एकच अंश बदला. तिप्पट करून एक मिळवण्याऐवजी एक वजा करा. सरासरीचा हिशोब जसाच्या तसा राहतो, पाऊणपट. संख्या याही वेळी खाली येतात. पण सगळ्या १ वर येत नाहीत. ५ घ्या: ५, १४, ७, २०, १०, ५. फिरून पुन्हा पाचावर. १७ घेतले तरी अठरा पायऱ्यांनी पुन्हा १७. म्हणजे अधिक एकची अटकळ बहुधा खरी, आणि तिची जुळी बहीण, वजा एकची, धडधडीत खोटी. पाऊणपटीचा युक्तिवाद दोघींना एकाच मापाने मोजतो. त्याला दोघींतला फरकच दिसत नाही, म्हणून त्यातून सिद्धता निघणं शक्य नाही. कितीही हुशारीने मांडा, तो युक्तिवाद खोट्या बहिणीलाही खरं ठरवून बसेल.

प्रसिद्ध प्रश्न का सुटत नाहीत याचं माझं उत्तर हेच आहे. ते खोल आहेत, अवघड आहेत, कुणी पुरेसं हुशार जन्मलं नाही, हे सगळं वरवरचं. आपल्या हातात असलेलं प्रत्येक हत्यार खऱ्या विधानाला आणि त्याच्या खोट्या जुळ्याला सारखंच लागू पडतं. फरक ओळखणारी खूण ज्याला सापडेल त्याला सिद्धता सापडेल. ती खूण दिसेपर्यंत बाकी सगळे कष्ट कडेकडेने फिरण्याचे.

इथे मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ साली गोव्यात जन्मलेले हे गृहस्थ इतिहासकार म्हणून सगळ्यांना माहीत. मूळचे ते गणिती, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काढली. जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरतात. त्यांना रीमानच्या अटकळीने पछाडलं होतं. ती १८५९ ची. तिचा एक अर्थ असा लावता येतो की मूळ संख्या विखुरलेल्या आहेत त्या साध्या योगायोगाने विखुरल्या असत्या तेवढ्याच, त्याहून जास्त बेशिस्त त्यांच्यात नाही. मग कोसंबींसारख्या संख्याशास्त्राच्या माणसाला वाटणारच की संभाव्यतेच्या वाटेने हा गड सर करता येईल. १९५९ मध्ये त्यांनी या अटकळीची सिद्धता म्हणून एक लेख छापला, तोही कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. मूळ संख्या योगायोगासारख्या वागतात हे दिसतं, पण त्या योगायोगाने ठरलेल्या नाहीत. १०१ मूळ आहे ती आहेच, तिथे शक्यता कसली? सरासरीचा युक्तिवाद ‘बहुतेक असंच असेल’ इथपर्यंत आणून सोडतो आणि नेमकी तिथेच सिद्धतेची सुरुवात व्हायला हवी असते. कोसंबींबद्दल मला यामुळे आदरच वाटतो. ज्या भिंतीवर जगातले उत्तमोत्तम लोक अडले त्याच भिंतीपाशी ते गेले, आणि स्वतःच्या हत्याराने गेले.

गोल्डबाखची कथा वेगळी नाही. १७४२ साली क्रिस्टियान गोल्डबाख यांनी ऑयलरला पत्रातून विचारलेला प्रश्न आज असा सांगतात: दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? १०० म्हणजे ३ अधिक ९७, ११ अधिक ८९, १७ अधिक ८३, २९ अधिक ७१, ४१ अधिक ५९, ४७ अधिक ५३. सहा रीतींनी झालं. संख्या मोठी होत जाते तशा रीती साधारणपणे वाढतच जातात, म्हणजे अटकळ जास्त जास्त खरी व्हायला लागते. ४ वर अठरा शून्यं एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून झालंय. आणि पुन्हा तीच गत. मूळ संख्या ही गुणाकाराची वस्तू. तिच्याबद्दल प्रश्न विचारला बेरजेचा.

मूळ संख्या वेचायचं गणितातलं जुनं साधन म्हणजे चाळणी. दोनच्या पटीतल्या काढा, तीनच्या काढा, पाचच्या काढा, उरतील त्या मूळ. एराटोस्थेनीसपासून चालत आलेल्या या साधनाला विसाव्या शतकात फार धार चढली. पण १९४९ च्या सुमारास आत्ले सेल्बर्ग यांनी त्यातलं एक वर्मी लागणारं वैगुण्य दाखवलं. ते मी त्या मुलीला तिच्या ओळखीच्या गोष्टीतून सांगितलं, कारण तिचे वडील हर्णै बंदरातून मासेमारीला जातात. जाळ्याची आस, म्हणजे भोकांचं माप, केवढी आहे ते पाहून कुठला मासा अडकेल आणि कुठला निसटेल हे तिला बरोबर ठाऊक आहे. पण आस कितीही कमीजास्त केली तरी जाळ्याने नर आणि मादी वेगळे होत नाहीत. चाळणीचं तसंच. एका मूळ संख्येत आणि दोन मूळ संख्यांच्या गुणाकारात, म्हणजे अवयव विषम संख्येने असलेल्या आणि सम संख्येने असलेल्या संख्यांत, तिला निव्वळ स्वतःच्या बळावर फरक करता येत नाही. चीनच्या चेन जिंगरुन यांनी १९७३ साली या जाळ्याने जास्तीत जास्त जे धरता येईल ते धरलं: पुरेशी मोठी प्रत्येक सम संख्या ही एक मूळ संख्या अधिक दुसरी अशी संख्या असते की जी मूळ असेल किंवा दोन मूळ संख्यांचा गुणाकार असेल. तो ‘किंवा’ पन्नास वर्षांत हललेला नाही. चेन यांचं काम अपुरं आहे असं कुणी म्हणू नये. त्या साधनाच्या अगदी काठावर जाऊन उभं राहिलेलं ते काम आहे. १९९८ मध्ये फ्रीडलँडर आणि इवानिएत्स यांनी चाळणीत बाहेरची आणखी माहिती मिसळून ही अडचण एका खास जागी ओलांडली. एक वर्ग अधिक एक चौथा घात अशा रूपाच्या मूळ संख्या अनंत आहेत, हे त्यांनी सिद्ध केलं. ९७ म्हणजे ९ चा वर्ग अधिक २ चा चौथा घात, तसल्या. म्हणजे वाट आहे. पण गोल्डबाखपर्यंत ती अजून कुणी नेलेली नाही.

पालक मला विचारतात, एवढे सोपे दिसणारे प्रश्न सुटत नाहीत म्हणजे गणित कच्चं राहिलं का? मला वाटतं हा प्रश्न उलटा बघायला हवा. सांगायला सोपे असे हजारो प्रश्न होते. त्यातले जे सुटले ते पाठ्यपुस्तकात उदाहरणसंग्रह म्हणून जाऊन बसले, आणि त्यांना आता कुणी प्रश्न म्हणतही नाही. जे उरले ते प्रसिद्ध झाले. आपण उरलेल्यांकडेच बघतो आणि म्हणतो, सगळे सोपे प्रश्न किती अवघड! विधान सोपं असणं हा आपल्या भाषेचा गुण आहे. सिद्धता सोपी असायला हवी असा त्यातून काहीच अर्थ निघत नाही. काही प्रश्नांना सिद्धता नसेलही. जॉन कॉनवे यांनी १९७२ मध्ये दाखवलं की कोलात्झच्या धर्तीचे जे सर्वसाधारण नियम बनवता येतात, त्या सगळ्यांचा निकाल लावणारी एकच रीत असूच शकत नाही. खुद्द तिप्पट-अधिक-एकला हे लागू आहे असं मात्र यातून सिद्ध होत नाही, आणि ते तसं समजून हातपाय गाळणाऱ्यांशी माझं पटत नाही.

कारण प्रश्न सुटतात. फर्माचं शेवटचं प्रमेय म्हणतं की दोनाहून मोठा घात असेल तर दोन संख्यांच्या त्या घातांची बेरीज तिसऱ्या संख्येचा तोच घात कधीच होत नाही. ते साडेतीनशेहून जास्त वर्षं अडलं होतं. सरळ अंगावर जाऊन ते कुणालाच सुटलं नाही. १९८० च्या दशकात गेरहार्ट फ्राय यांनी म्हटलं, समजा फर्मा चुकला आणि अशा तीन संख्या खरंच आहेत, तर त्यांच्यापासून एक लंबवृत्तीय वक्र बनवता येईल आणि तो वक्र इतका विचित्र निघेल की तसा असूच नये. १९८६ मध्ये केन रिबेट यांनी ते पक्कं केलं. आता फर्माच्या संख्यांना एक खूण चिकटली, आणि ती भलत्याच प्रांतात दिसत होती. अँड्र्यू वाइल्स यांनी सात वर्षं जवळपास एकट्याने काम केलं, १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली, तिच्यात खिंडार निघालं, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साथीने ते बुजवलं. या सगळ्यात मला भावतो तो फ्रायचा क्षण. खोट्या बहिणीच्या अंगावरचा तीळ त्याला दिसला.

तर नववीतल्या त्या मुलीने मला विचारलं, “वजा एकमध्ये पाच फिरून पाचावर का येतो ते तरी कळेल का?” ते कळतं, आणि तिला येणाऱ्या बीजगणितात कळतं. न ही विषम संख्या. तिप्पट वजा एक, एकदा निम्मं; पुन्हा तिप्पट वजा एक, दोनदा निम्मं; आणि आपण परत न वर. हे सगळं लिहून सोडवलं की ९न वजा ५ भागिले ८ बरोबर न, म्हणून न बरोबर ५. आता तेच अधिक एक घेऊन करा: ९न अधिक ५ बरोबर ८न. न येतो उणे ५. वर्तुळ आहेच, फक्त शून्याच्या पलीकडे. फरक कशाने पडला? ३ चा वर्ग ९ हा २ च्या घनाहून, ८ हून, मोठा आहे म्हणून. अधिक एकच्या नियमात धन संख्यांचं वर्तुळ हवं असेल तर उलट व्हायला हवं, २ चा घात ३ च्या घाताहून मोठा हवा. आणि वर्तुळातल्या संख्या प्रचंड असतील तर तो अगदी नखभरच मोठा हवा. ४ आणि ३ घेतले की आपलं नेहमीचं १, ४, २, १ मिळतं. पुढची जवळची जोडी ३२ आणि २७. तीनदा तिप्पट, पाचदा निम्मं, फरक ५. निम्मं करायच्या जागा बदलून सहा मांडण्या होतात आणि न साठी येणाऱ्या अपूर्णांकात छेद ५, तर अंशात येतात १९, २३, ३१, २९, ३७, ४९. यातल्या एकालाही ५ ने भाग जात नाही. म्हणून तिथे वर्तुळ नाही.

वर्तुळांच्या बाबतीत ही खरी पकड आहे. रे स्टाइनर यांनी १९७७ साली हाच धागा धरून, २ आणि ३ चे घात एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याच्या खोल सिद्धांताचा आधार घेऊन, दाखवलं की एकदाच चढून एकदाच उतरणारं वर्तुळ १, ४, २ सोडून दुसरं नाही. आता ते ९१ चढांपर्यंत पोचलंय. संख्या कायमची वर पळून जाणार नाही याबद्दल मात्र अशी काहीच पकड अजून कुणाच्या हाती नाही.

तिने सहाच्या सहा मांडण्या स्वतः काढल्या. आता २५६ आणि २४३ घेतलेत. पाचदा तिप्पट, आठदा निम्मं, फरक १३, मांडण्या पस्तीस. पंधरा झाल्यात, अजून कशालाच भाग गेलेला नाही.